स्ट्राँग रूमची मिनिटे

बँकेतल्या नोकरीत बरीच वर्षे स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या ताब्यात असे. लॉकर घेण्यासाठी येणारे ग्राहक ते अवजड पोलादी दार पाहून निर्धास्त होत आणि हे दार फुटत तर नाही ना, एवढेच विचारत. दारामागची भिंत किती जाड आहे, खोलीच्या खाली काय आहे, शेजारचा गाळा कोणाचा आहे, असे मात्र मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. बँकफोडीच्या ज्या घटनांचा तपशील पुढे उघड झाला, त्या वाचल्यावर हेच प्रश्न आधी विचारायला हवेत असे माझे ठाम मत झाले आहे, आणि म्हणूनच स्ट्राँग रूम बांधतात कशी व राखतात कशी, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

कधीच फुटणार नाही अशी खोली जगात कोणी बांधत नाही. पुरेशी अवजारे, पुरेसा वेळ आणि निवांतपणा मिळाला तर कोणतीही भिंत पडते, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याने हमी द्यायची असते ती मिनिटांची. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या मानकात स्ट्राँग रूमच्या दारांचे आणि भिंतींच्या पटलांचे वर्ग याच हिशेबाने पाडलेले आहेत. सर्वांत खालचा वर्ग 15 मिनिटांचा, त्यानंतर 30 मिनिटांचा, मग एका तासाचा आणि सर्वांत वरचा दोन तासांचा. तज्ज्ञ माणसे ड्रिल, कटिंग टॉर्च आणि इतर अवजारे घेऊन नमुन्यावर तुटून पडतात आणि ठरावीक आकाराचे भोक पडेपर्यंत तो किती वेळ टिकला ते मोजले जाते. दोन तास हा आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही, आणि तो तसा मोठा नाहीच. शनिवारी संध्याकाळी बंद झालेली शाखा सोमवारी सकाळी उघडते, तेव्हा मधल्या जवळजवळ चाळीस तासांपुढे ही दोन तासांची भिंत एकट्याने काहीच करू शकत नाही. पहिला घाव बसताच कोणाला तरी कळले पाहिजे आणि भिंत टिकून आहे तोवर ते माणूस तेथे पोहोचले पाहिजे. बाकी सगळी व्यवस्था या दोन गोष्टींभोवती उभी असते.

आपल्याकडील शाखांत स्ट्राँग रूम म्हणजे साधारणपणे फूटभर जाडीच्या आरसीसीची पेटीच असते. चार भिंती, जमीन आणि छत ही सहाही अंगे सारख्याच ताकदीची असावी लागतात, आणि नेमके हेच जुन्या, भाड्याच्या इमारतींत जमत नाही, कारण तेथे भिंत नव्याने उभी करता येते, पण जमीन आणि छत इमारतीबरोबर आलेले असते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळयांच्या जाळ्या दोन थरांत टाकतात आणि पुढच्या जाळीतील मोकळ्या जागेसमोर मागच्या जाळीची सळई येईल अशी मांडणी करतात. यामागचा विचार फार चांगला आहे. काँक्रीट फोडायला ब्रेकर किंवा हातोडा-छिन्नी लागते, परंतु त्याने सळई तुटत नाही. सळई कापायला गॅस कटर लागतो, परंतु त्याने काँक्रीट नीट कापले जात नाही. चोराला दर वेळी अवजार बदलावे लागते, धूर आणि धूळ अरुंद जागेत कोंडते, आणि भिंतीची मिनिटे वाढत जातात. अलीकडे पोलादी तंतू मिसळलेल्या उच्चशक्ती काँक्रीटची तयार पटले मिळतात. ती पातळ असूनही जुन्या जाड भिंतीच्या तोडीची ठरतात आणि वरच्या मजल्यावर वजन चालणार नाही अशा ठिकाणी फार उपयोगी पडतात. खोलीला खिडकी नसते, हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यातून माणूस जाणार नाही एवढेच तोंड असते आणि त्यालाही गज असतात.

दाराची रचना याच तत्त्वावर, पण अधिक नाजूक हाताने केलेली असते. बाहेरच्या पोलादाच्या आत कटरची उष्णता एका जागी साचू न देता सगळीकडे पसरवणारा तांब्यासारखा धातू घालतात, आणि ड्रिलचे पाते बोथट व्हावे किंवा मोडावे म्हणून अत्यंत कठीण खडे मिसळलेला थर देतात. मला स्वतःला सर्वांत जास्त आवडते ती रीलॉकर नावाची योजना. कुलपाच्या पुढे काचेचे पटल बसवलेले असते आणि ताणलेल्या तारांनी ते काही स्प्रिंगच्या बोल्टांशी जोडलेले असते. ड्रिलचे टोक काचेला लागले की काच तडकते, तारा सुटतात आणि ते बोल्ट कायमचे बाहेर पडतात. त्यानंतर खरी किल्ली लावूनही दार उघडत नाही आणि कंपनीच्या कारागिराला बोलवावे लागते. तेव्हा दार हा भाग सर्वांत पक्का असतो. हिरोशिमातील तेइकोकु बँकेच्या शाखेत अमेरिकेच्या मॉस्लर कंपनीची स्ट्राँग रूम होती आणि 1945 मधील अणुबॉम्बनंतरही ती टिकून राहिली. पुढे 1957 मध्ये नेवाडातील अणुचाचणीत मुद्दाम बांधलेली मॉस्लरची खोली स्फोटात ठेवून तपासली गेली, आणि तिच्या आतील वस्तूही शाबूत राहिल्या.

दार इतके पक्के झाल्यावर दरोडेखोरांनी दाराचा नाद सोडून किल्ली आणि कुलूप उघडणारा गुप्त क्रमांक बाळगणाऱ्या माणसाला गाठायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत कॅशियरच्या घरी रात्री शिरून, कुटुंबाला बांधून घालून, त्याच्याकडून तिजोरीचा क्रमांक वदवून घेण्याचे प्रकार घडत. रॉचेस्टर येथील जेम्स सार्जंट यांनी 1873 मध्ये तयार केलेले टाइम लॉक हे त्यावरचे उत्तर होते, आणि 1874 मध्ये इलिनॉय राज्यातील मॉरिसन गावच्या बँकेत ते बसवले गेले. संध्याकाळी घड्याळाला तास लावून दार बंद केले की ते तास भरेपर्यंत स्वतः व्यवस्थापकालाही ते उघडता येत नाही. टाइम लॉक नसलेल्या ठिकाणी काय होऊ शकते हे 1876 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टनला दिसले. तेथील कॅशियरचे हाल करून दरोडेखोरांनी क्रमांक मिळवला आणि रोख व रोखे मिळून दहा लाख डॉलरहून अधिक मूल्याचा ऐवज नेला. त्यानंतर टाइम लॉकची मागणी झपाट्याने वाढली. टाइम लॉकच्या आत बहुधा एकाऐवजी तीन घड्याळे असतात आणि त्यांपैकी एक जरी चालू राहिले तरी दार उघडते. नाहीतर घड्याळ बंद पडल्यामुळे बँकेची स्वतःचीच रक्कम आत अडकायची.

आपल्याकडे माणसावर येणाऱ्या दबावाचा विचार जॉइंट कस्टडीच्या रूपाने केलेला आहे. स्ट्राँग रूमच्या दाराला दोन किल्ल्या लागतात, एक हेड कॅशियर किंवा कॅश अधिकाऱ्याकडे आणि दुसरी शाखा व्यवस्थापकाकडे किंवा लेखा पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे. रजेवर जाताना किल्ली कोणाला दिली याची नोंद दोघांच्या सह्यांनिशी किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये होते, आणि डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात व ठरावीक काळाने वापरातल्या किल्ल्यांशी त्यांची अदलाबदल करतात. ओळखीच्या सहकाऱ्याला 'जरा तुझी किल्ली दे, मी उघडून येतो' म्हणणे गर्दीच्या दिवशी अगदी स्वाभाविक वाटते, आणि संपूर्ण व्यवस्था पोखरली जाते ती तेथूनच. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत रस्त्याच्या पातळीखाली सुमारे 80 फुटांवर सोन्याचा साठा आहे आणि 90 टनांचा पोलादी दंडगोल फिरवून तेथील वाट बंद होते. तरीही तेथे कोणत्याही कामासाठी तीन जणांनी एकत्र हजर असावे लागते. एवढे पोलाद असूनही एका माणसावर विसंबायचे नाही, हा नियम मला त्या दंडगोलापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता भिंतीकडे आणि जमिनीकडे वळतो. 2007 सालच्या अखेरीस केरळमधील चेलेंब्रा येथे ग्रामीण बँकेची शाखा फोडली गेली. बँक वरच्या मजल्यावर होती. टोळीने तिच्या खालचे हॉटेल भाड्याने घेतले, नूतनीकरण चालू असल्याचे दाखवले आणि हॉटेलच्या छतातून, म्हणजे स्ट्राँग रूमच्या जमिनीतून, भोक पाडून सुमारे 80 किलो सोने नेले. नोव्हेंबर 2017 मध्ये नवी मुंबईतील जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शाखेबाबतही असेच घडले. काही महिने आधी जवळचा गाळा दुकानासाठी भाड्याने घेण्यात आला, तेथून भुयार खणले गेले, आणि सुट्टीनंतर शाखा उघडली तेव्हा सुमारे 30 लॉकर फोडलेले आढळले. दोन्ही ठिकाणी दाराला हात लागला नाही. गुन्ह्याची सुरुवात भाडेकराराने झाली होती, आणि खणण्याचा आवाज कोणाच्या तरी कानावर पडला असेल, तर तो शेजारच्या दुकानातील कामाचा म्हणून सोडून दिला गेला असेल.

भिंतीवर व जमिनीवर बसवलेले कंपन ओळखणारे सेन्सर यासाठीच असतात. ड्रिल, ब्रेकर, पहार यांची कंपने रस्त्यावरच्या ट्रकच्या कंपनांपासून ते वेगळी ओळखू शकतात, आणि सायरनबरोबरच ऑटो डायलरमार्फत अधिकाऱ्यांना व पोलीस ठाण्याला फोन जातो. परंतु फोन लागल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. लंडनच्या हॅटन गार्डनमधील लॉकर भाड्याने देणाऱ्या कंपनीत 2015 च्या ईस्टरच्या सुट्टीत चोरट्यांनी लिफ्टच्या मार्गाने तळघर गाठून सुमारे 50 सेंटिमीटर जाड काँक्रीटमध्ये डायमंड ड्रिलने एकमेकांना लागून तीन भोके पाडली. अलार्म वाजला होता. पोलिसांकडे सूचना पोहोचली, पण तिच्यावर कोणी पाठवण्याची गरज नाही असा शेरा पडला. पहारेकरी आला, बाहेरून पाहिले आणि परत गेला. चोरटे मध्ये एक रात्र सोडून पुन्हा आले आणि उरलेले काम पुरे केले. त्या भिंतीने तिच्या वाट्याची मिनिटे प्रामाणिकपणे दिली होती, असे मला मनापासून वाटते. शाखेत असताना महिन्याची सायरन चाचणी ही केवळ रजिस्टर भरण्याची बाब समजली जाई, याचा मला त्या वेळीही राग येत असे. दारावर झालेला खर्च वसूल होतो तो रविवारी मध्यरात्री फोन उचलणाऱ्या आणि शाखेच्या आत जाऊन पाहणाऱ्या माणसामुळे.

लॉकरधारकांच्या दृष्टीने नियम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये काढलेल्या आणि जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या सूचनांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीइतके असते. भाडे तीन हजार रुपये असेल तर ही रक्कम तीन लाख होते, आणि आत तीस लाखांचे दागिने असले तरी ती बदलत नाही, कारण आत काय आहे याची नोंद बँकेकडे नसते. दागिन्यांचा वेगळा विमा उतरवावा तो यासाठी. स्ट्राँग रूममध्ये येण्याजाण्याचे सीसीटीव्ही चित्रण किमान 180 दिवस जपावे लागते, आणि लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी ग्राहकाला एसएमएस व ईमेल जावा लागतो. लॉकर उघडून आल्यावर असा संदेश येतो का हे प्रत्येकाने तपासावे. येत नसेल तर शाखेला लेखी कळवावे, आणि त्याच पत्रात स्ट्राँग रूमला लागून किंवा तिच्या खाली-वर कोणाचा गाळा आहे हेही विचारून घ्यावे.