ताई, टीममध्ये सांगायचं का?

एमएस संपवून कॅलिफोर्नियात पहिली नोकरी लागली की आपली मुलं-मुली मला फोन करतात आणि घराचं भाडं, बँकेचं खातं, ड्रायव्हिंगचं लायसन असं सगळं विचारून झालं की शेवटी आवाज खाली आणून विचारतात, ''ताई, टीममध्ये सांगायचं का?'' काय सांगायचं ते कुणी उच्चारत नाही. फोन उचलताना 'जय भीम' झालेलं असतं, तेवढ्यात सगळं कळतं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी अकरा वर्षं सांगितलं नव्हतं.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बॅकएंडला होते. चौदा जणांची टीम, त्यात नऊ भारतीय, त्यातले चार मराठी. रुजू होताना फॉर्ममध्ये वंशाचा रकाना असतो. मी 'एशियन'वर खूण केली. माझ्या मॅनेजरनेही तीच केली असणार. कंपनीच्या कागदावर आम्ही दोघं एकाच रकान्यात बसलो. जात त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती. ती दुपारी डबे उघडल्यावर विचारली जायची.

माझं आडनाव गावावरून आलेलं, 'कर' लागलेलं. त्यातून काही कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न यायचा. मूळचे कुठले? नागपूर. नागपुरात कुठे? इंदोरा म्हटलं असतं तर तिथेच उत्तर मिळालं असतं. मी 'सदरच्या पुढे' म्हणायचे. मग, नॉनव्हेज खाता का? कुलदैवत कोणतं? आणि एकदा अगदी मायेने, ''तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा गं?'' मी म्हटलं, ''दीड.'' आमच्याकडे गणपती बसत नाही. 1956 साली दीक्षाभूमीवर माझी आजी आजोबांबरोबर उभी होती, त्यानंतर घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. पण तोंडातून 'दीड' निघून गेलं आणि मग दरवर्षी ते सांभाळत बसावं लागलं. फोटो का नाही टाकलास? मोदक कुणी केले? चतुर्थीला मी रजा घेऊ लागले.

लपवण्यात जाणारे कष्ट बाहेरून कुणाला दिसत नाहीत. कोणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं, आरक्षणाचा विषय निघाला की डब्यात बघायचं. ''आमच्या बॅचला कोट्यातली मुलं होती, प्रोग्राम कंपाइल करता यायचा नाही,'' असं एकाने सांगितलं तेव्हा टेबलावरचे सगळे हसले. त्यांच्या मागच्या रिलीजमधला सर्वांत अवघड बग मी शोधून दिला होता. मी हसले नाही, पण बोललेही नाही. त्या दुपारची लाज मला अजून वाटते. त्याची नाही, माझ्या गप्प बसण्याची.

2020 मध्ये घरून काम सुरू झालं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. पहिल्या व्हिडिओ कॉलच्या आदल्या रात्री मी एकटीने ते जड टेबल ओढून उलट्या बाजूला लावलं. फोटो काढायला हात धजला नाही, म्हणून कॅमेरा फिरवला. हे मी आईला कधीही सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी 25 मे रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. कंपनीत सभा झाल्या, कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी आपले अनुभव सांगितले. आमचे भारतीय लीडही बोलले, आणि ते मनापासून बोलले असं मला आजही वाटतं. महिनाभराने, 30 जूनला, कॅलिफोर्निया राज्याच्या, नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या विभागाने सिस्को कंपनीवर दावा लावला: सॅन होजेतल्या एका दलित अभियंत्याशी दोन भारतीय व्यवस्थापकांनी जातीवरून भेदभाव केला, असा. कंपनीने आरोप नाकारले. 2023 मध्ये राज्याने त्या दोघांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. खरं-खोटं ठरवणं कोर्टाचं काम. पण बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटात काय आलं ते मी वाचलं. ''इथे येऊनही रडगाणं.'' ''आता प्रत्येक जण केस टाकणार.'' महिन्यापूर्वी सभेत डोळे पुसणारी माणसं होती ती. सभेतलं दुःख लांबचं होतं, त्यात त्यांना काही सोडायचं नव्हतं.

मी पहिल्यांदा सांगितलं ते ओकलंडच्या एका सहकारी बाईला. ती कृष्णवर्णीय. तिला जात म्हणजे काय इथपासून समजावावं लागलं, पाऊण तास गेला. पण मला भीती वाटली नाही, कारण ते ऐकून माझी पायरी ठरवायचं मोजमाप तिच्याकडे नव्हतं. तिने विचारलं, ''पण ते ओळखतात कशावरून?'' मी प्रश्नांची यादी सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मी खोलीत शिरले की माझी कातडी माझ्याआधी शिरते. तुला दार लावून घेता येतं, पण मग तू आयुष्यभर दाराशीच उभी राहतेस. तिचं सोपं की माझं, असा हिशेब आम्ही दोघींनी केला नाही. मी तिला दलित पँथरबद्दल सांगितलं: 1966 मध्ये तिच्या गावात निघालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव 1972 मध्ये मुंबईतल्या तरुणांनी घेतलं होतं. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिने ते घरी फोन करून वडिलांना सांगितलं.

टीममध्ये सांगितलं ते त्यानंतर वर्षाने, तोवर ग्रीन कार्ड हातात आलं होतं. हे मुद्दाम लिहिते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडायचा. ज्याच्या सहीवर तुमचा व्हिसा आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला निघालेल्याला 'घाबरतोस काय' म्हणणारा माणूस मला आवडत नाही.

सांगितल्यावर एक जण म्हणाली, ''अगं, आम्ही कुठे मानतो!'' आणि विषय मिटवला. तिला ते औदार्य वाटलं असेल. मला वाटलं, अकरा वर्षांनी उघडलेलं दार कुणीतरी शांतपणे ढकलून लावलं. शनिवारची जेवणाची बोलावणी कमी झाली. त्या वर्षीच्या मूल्यमापनात 'टीममध्ये मिसळत नाही' असं आलं. ते जातीमुळेच आलं हे मला सिद्ध करता येणार नाही. बहुतेकांना करता येत नाही, म्हणून तर कायद्यात 'जात' हा शब्द स्पष्ट हवा.

हा प्रश्न आज उपटलेला नाही. हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या ज्ञानकोशकार केतकरांचं वाक्य बाबासाहेबांनी 1916 मध्ये न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात घेतलं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये सिअॅटलने शहराच्या कायद्यात जात घातली, अमेरिकेत पहिल्यांदा. कॅलिफोर्नियातही तसं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. सुनावणी ऐकायला मी रजा घेतली. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं: असा भेदभाव आहे त्या कायद्यातच निषिद्ध आहे, म्हणून. विरोध करणाऱ्यांची एक भीती मला कळते. गोऱ्या मॅनेजरच्या नजरेत सगळेच भारतीय संशयित ठरतील, अशी. मीही भारतीयच आहे, ती नजर माझ्यावरही पडेल. तरीही माझ्या टेबलावर मला गप्प कोणी बसवलं ते मला माहीत आहे.

तर, सांगायचं का? व्हिसा दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबा, त्यात भ्याडपणा नाही. पण खोटं सांगू नका. 'दीड' म्हणू नका. ''आमच्याकडे गणपती नसतो,'' एवढं म्हणून भाजी वाढून घ्या, पुढचं त्यांना विचारू दे. कामाच्या बाबतीत काही खटकलं तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द त्याच दिवशी घरच्या वहीत लिहून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. आणि टीमबाहेरचं एक माणूस शोधा, कुठल्याही रंगाचं, ज्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल.

माझं टेबल आता पुन्हा पूर्वीच्या जागी आहे. 14 एप्रिलच्या रजेच्या अर्जात कारण लिहायची सक्ती नसते, मी लिहिते. शनिवारी सकाळी दहानंतर मी मोकळी असते. फोन करा.