आमची वाटचाल : टीसीएलचं पाणी आणि बावीस जळवा

दर शरद ऋतूत एखादा तरी नवा वैद्य फोनवर विचारतो, "ताई, तळ्यातली जळू पंचवीस रुपयांना मिळते, तुमची साठ का?" पंधरा-सोळा वर्षं मी याचं उत्तर तोंडी देते आहे. रुग्णाला लावून रक्त काढायला वैद्यांना लागतात त्या जळवा आम्ही पाळून पुरवतो. आता एकदा सगळं लिहूनच काढते.

धंदा मुळात आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आबांचा, पण तेव्हा तो निराळा होता. भोर तालुक्यातल्या आमच्या गावातून आबा पुण्या-साताऱ्याच्या कॉलेजांना झुऑलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी बेडूक, झुरळं, गांडुळं आणि जळवा पुरवायचे. सगळा माल फॉर्मलिनच्या बरण्यांमधला. माझं स्वतःचं बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आबांच्याच बरणीतल्या जळूवर झालं. तीन जबडे, डोळ्यांच्या पाच जोड्या, पोटाचे दुतर्फा कप्पे, हे सगळं मी मेलेल्या जळूत पाहिलं होतं. जिवंत जळू हातावर घेतली ती २००८ साली. त्या वर्षी सातारचे एक वैद्य एसटीने आमच्याकडे आले आणि आबांना म्हणाले, "मला मेलेल्या नकोत. जिवंत, आणि उपाशी हव्यात." आम्ही सगळे त्यांना वैद्यकाका म्हणतो. पुढे २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना काढल्या आणि बरण्यांचा धंदा आटला. वैद्यकाका आधीच दारात आले होते म्हणून आम्ही तरलो.

त्यांच्या पिशवीत सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय होता, जलौकावचारणीय, म्हणजे जळू लावण्याबद्दलचा. ओसरीवर बसून त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला. सविष सहा जळवा, निर्विष सहा. निर्विष म्हणजे कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी आणि सावरिका. मग चांगल्या, धष्टपुष्ट, पटकन रक्त ओढणाऱ्या जळवा कुठे मिळतात ते आलं : यवन, पांड्य, सह्य, पौतन. सह्य म्हणजे आपला सह्याद्री! आबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी हा पुरवठ्याचा धंदा राहिला नाही.

पाळण्याची रीतही त्याच अध्यायात आहे. नवा मोठा घट, त्यात तळ्याचं पाणी आणि चिखल, अंथरायला गवत आणि पाणवनस्पतींची पानं. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, सात दिवसांनी घटच बदलायचा. आम्ही आधी काचेच्या टाक्या केल्या होत्या, पंप लावून. निम्म्या जळवा गेल्या. मग कुंभारदादांकडून माठ आणले आणि तेव्हापासून भांडं बदललेलं नाही. मातीचा माठ पाझरतो, त्यामुळे एप्रिलमध्येसुद्धा आतलं पाणी गार राहतं. काचेला ते कधी जमलं नाही. पण कुठलाही माठ चालत नाही. तोंड हाताच्या वितीएवढं हवं, काठ सरळ हवा, आतून घोटाई केलेली हवी. काठ जरा वाकडा असला की वर बांधलेल्या मांजरपाटाखालून जळू रातोरात बाहेर येते आणि सकाळी उंबऱ्यावर वाळलेली सापडते. कुंभारदादा आमच्यासाठी वेगळी भट्टी लावतात आणि माठाला राखेचा वास राहिला तर स्वतःच फोडून टाकतात. वासाचं जळूला फार. माझ्या कामाच्या खोलीत साबण, उदबत्ती, कापूर, केसांचं तेल, काही चालत नाही. सासूबाईंनी देवघर माडीवर हलवलं ते यासाठीच, आणि त्याबद्दल त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

खाणं देण्याचं काम माझं. खाटकाकडून पहाटे बोकडाचं रक्त आणायचं आणि लगेच लाकडी रवीने घुसळायचं. दहा मिनिटांत रवीला पांढरट तंतू चिकटतात, ते काढून टाकले की रक्त गोठत नाही. ते धुतलेल्या आतड्यात भरून बांधायचं, कोमट पाण्यात ३८ अंशांपर्यंत आणायचं आणि परातीत ठेवायचं. थंड आतड्याकडे जळू ढुंकूनही पाहत नाही. पोट भरलं की आपोआप सुटते, वजन पाच-सहा पट झालेलं असतं. नंतर कित्येक महिने तिला काही लागत नाही. शेवटच्या खाण्यानंतर आम्ही किमान तीन महिने उपाशी ठेवूनच माल पाठवतो. भाव वाढतो तो इथे. तळ्यातल्या जळूने आदल्या आठवड्यात कुठल्या म्हशीचं, कुठल्या कुत्र्याचं रक्त प्यायलं ते कोणाला ठाऊक? जळूच्या पोटात एरोमोनास नावाचे जिवाणू असतातच, ते पाळलेल्या जळूतही असतात. पण पाळलेलीच्या पोटात दुसऱ्या जनावराचं ताजं रक्त नसतं आणि तिची नोंद माझ्या वहीत असते.

आता २०१४. जून महिना होता. गावात गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले, म्हणून सार्वजनिक विहिरीत रात्री टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची भुकटी, टाकली गेली. आमची पाइपलाइन त्याच विहिरीवर. गावाच्या जिवासाठी टाकली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दवंडी दिली असती, एक फोन केला असता! जळवांचे माठ कुठे आहेत ते त्या विहिरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. सकाळी सहाला ह्यांनी नेहमीप्रमाणे पाणी बदललं. आठ वाजता मी मांजरपाट सोडला तर जळवा पाण्याबाहेर, काठाला लगडलेल्या. मला वाटलं, पाऊस येणार. हवामान बदललं की त्या अशा वर येतात. दहाला त्यांच्या अंगावरून पांढरी बुळबुळीत साय सुटायला लागली. बारापर्यंत त्या आखडून कडक झाल्या. ह्यांनी शेजारच्या शाळेतून ओटीची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली आणली. दोन थेंब टाकले आणि नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. तोवर आमच्या घरात ओटीची बाटली नव्हती, ही चूक माझी. बी.एस्सी. झुऑलॉजी मी, आणि क्लोरीन मोजायची बाटली शाळेतून आणावी लागली.

दोन हजार तीनशे जळवा गेल्या. पिल्लं आणि कोष धरले नाहीत. आबा दिवसभर एकेक माठ परसात ओतत होते. अकरा जळवा वाचल्या, पण त्यांनी पुढच्या वर्षभरात एकही कोष घातला नाही.

दुसरा घाव आधीच बसलेला होता, तो मला उशिरा कळला. आमच्याकडे तीन वर्षं हाताखाली राहिलेला एक मुलगा मे महिन्यात काम सोडून गेला होता. रक्त घुसळण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं मी त्याला शिकवलं. आमचे माठ रिकामे झाल्याचं त्याला कळलं, आणि शरदाच्या तोंडावर, म्हणजे रक्तमोक्षणाचा (रक्त काढायच्या उपचाराचा) खरा हंगाम सुरू होताना, त्याने पुण्यातल्या दवाखान्यांना पंचवीस रुपयांनी जळवा द्यायला सुरुवात केली. तळ्यांतून, पाणंदीतल्या डबक्यांतून पकडलेल्या. पत्रकावर छापलं होतं 'शास्त्रोक्त पद्धतीने पैदास केलेल्या' आणि फोटो आमच्या माठांचा. आमचे गेरूचे आकडे त्यात स्पष्ट वाचता येत होते.

स्वस्त विकतो म्हणून मी कोणाशी भांडले नसते. पण त्याने आमच्या जुन्या बरण्या वापरल्या, झाकणाला आम्ही बारा भोकं पाडतो त्या, आणि त्यावर आमचा शिक्का तसाच होता. ऑक्टोबरमध्ये एका दवाखान्यात रुग्णाच्या पायाला जंतुसंसर्ग झाला. बरणी पाहून त्यांनी फोन मला केला. मी सांगितलं, जूनपासून आमच्याकडून एकही जळू बाहेर गेलेली नाही. विश्वास ठेवला नाही. आठ-दहा दिवसांत चौदा दवाखान्यांनी आमचं नाव काढून टाकलं. त्यांतले काही अजून परत आलेले नाहीत. दहा वर्षं झाली, पण त्या चौदांची नावं मला आजही क्रमाने सांगता येतात.

वैद्यकाकांना जूनमध्येच कळवलं होतं, की या शरदात माल नाही. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. ते दर खेपेचा हिशेब पोस्टकार्डावरच कळवत : किती लागल्या, किती वेळ धरून राहिल्या, कोणती सुस्त निघाली. या कार्डावर एकच ओळ होती : "रविवारी येतो." आले ते पितळेचा डबा घेऊन. आत ओल्या शेवाळात बावीस जळवा होत्या. एप्रिलमध्ये आमच्याकडूनच घेतलेल्या, एकाही रुग्णाला न लावलेल्या. म्हणाले, "तुमच्याच आहेत. बेणं म्हणून ठेवा." मी म्हटलं, "काका, तुमचा शरद?" त्यांनी त्या वर्षी जळू लावायचे सगळे रुग्ण पुढे ढकलले होते. विचर्चिकेचे (इसबाचे) दोन, व्हेरिकोज व्हेन्सच्या जखमेचा एक, आणखी काही. पैसे घेतले नाहीत. जेवून पाचच्या गाडीने परत गेले. पुढच्या हिवाळ्यात पुण्यात वैद्यांची बैठक होती. तिथे आमचं नाव निघालं तेव्हा सहा वर्षांची पोस्टकार्डं त्यांनी टेबलावर मांडली, असं तिथे असलेल्या एकांनी मला सांगितलं. ते स्वतः त्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

जळू उभयलिंगी असते, पण जोडी लागतेच. त्या बावीसांना आम्ही अकरा माठांत जोडीने ठेवलं. कडेला ओल्या मातीचा उतार केला, कारण कोष पाण्यात नाही, मातीत घातले जातात. पुढच्या मे महिन्यात पहिला कोष दिसला. स्पंजासारखं कवच, विटकरी-पिवळा रंग, बोराएवढा. पंधरा दिवसांनी त्यातून नऊ पिल्लं निघाली, दोऱ्याएवढी. आबांनी भिंगातून मोजली. भोरच्या बाजारातून पेढे आणले.

२०१६ नंतरची वर्षं सरळ गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगते. मध्यंतरी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पाच किलो सुकी जळू मागितली, चिनी औषधांसाठी. भाव चांगला होता. चिनी वैद्यकात जळू लावत नाहीत, वाळवून, भाजून पोटात देतात, रक्त साकळलं असेल तर ते मोकळं करायला. नाव श्वेइ-चि. मी दोन महिने त्याचा अभ्यास केला. त्यांच्या औषधकोशात तीन जाती आहेत, आणि त्यांतली व्हिटमानिया पिग्रा ही रक्त पीतच नाही, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर जगते. म्हणजे त्यांची पैदास गोगलगायींच्या तळ्यांवर, माझी बोकडाच्या रक्तावर. जात वेगळी, औषध वेगळं. माझ्या जळवा वाळवून त्या नावाने विकणं म्हणजे त्या मुलाने केलं तेच करणं. नाही म्हटलं. पाच किलोंसाठी कित्येक हजार जळवा मारायच्या, हे आबांना सांगण्याची हिंमतही मला झाली नसती.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगते, आधी पाण्याचा उगम स्वतःचा करा, मग जळू आणा. शेड, टाक्या, कर्ज सगळं नंतर. पाणी दोन दिवस उन्हात उघडं ठेवा, शंका असेल तर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे टाका, आणि ओटीचे दोन थेंब रोज टाकून पाहा. रोज म्हणजे रोज.

वैद्यांनाही सांगते, न विचारता. लागलेली जळू ओढू नका, तोंडावर मीठ-तंबाखू टाकून सोडवू नका. ती जखमेतच ओकते. वेळ झाली की हळदीची पूड लावा, सुटेल. मीठ वापरायचं ते सुटल्यानंतर, वमनासाठी, म्हणजे प्यालेलं रक्त तिला ओकायला लावण्यासाठी. वमन नीट करा. पाण्यात सोडल्यावर ती खाणं शोधत फिरली पाहिजे. तळाशी पडून राहिली तर वमन अपुरं झालं आणि तिला इंद्रमद नावाचा आजार होतो. सुश्रुतांनी तो असाध्य म्हटला आहे, आणि मीही त्यातून वाचलेली जळू पाहिलेली नाही. एकाला लावलेली जळू दुसऱ्याला कधीही लावू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का ते विचारा, हिमोग्लोबिन पाहा. जळू सुटल्यावर आठ-दहा तास रक्त पाझरणं हे तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनसारख्या द्रव्यांचं काम, त्याला घाबरून टाके घालायला जाऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २००४ मध्ये जळूला वैद्यकीय उपकरण म्हणून परवानगी दिली. ती बोट किंवा कान पुन्हा जोडल्यावर साकळणाऱ्या रक्तासाठी. तिथले शल्यचिकित्सक जळवांबरोबर अँटिबायोटिक देतात. आपणही संसर्गाची काळजी तितकीच घेतली पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी फोन येणार नाही.

वैद्यकाका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दवाखाना त्यांची सून बघते. पण शरदातल्या चार जळवा अजून त्यांच्या नावानेच जातात, आणि आम्ही पैसे घेत नाही म्हणून ते दरवर्षी मनीऑर्डर करतात, चार जळवांचे दोनशे चाळीस. त्या बावीसांच्या वंशातल्या प्रत्येक माठावर आबांनी गेरूने 'सा' लिहून ठेवलं होतं, साताऱ्याचा सा. आता ते अक्षर मी काढते. आज सगळे माठ 'सा'चेच आहेत. परवा सा-१४ चा मांजरपाट सोडला, तर मातीच्या उतारात सात कोष होते.