झाडांमधले पावडर स्कीइंग : वेग वळणाने आवरण्याचा सराव

या हंगामात माझे लक्ष एकाच कौशल्यावर आहे : झाडांमधून उतरताना वेग झटक्याने न मोडता वळणाच्या आकाराने आवरणे. त्यासाठी हवा तसा पावडर, म्हणजे ताजा, हलका, न दाबला गेलेला बर्फ परवा सकाळी मिळाला आणि आम्ही चौघे लिफ्ट सुरू होताच वर पोहोचलो. हिमवृष्टी रात्रभर थंड आणि जवळजवळ वाराविरहित हवेत झाली होती. ढगातले तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले की फांद्या फुटलेले तारकाकृती स्फटिक जोमाने वाढतात, आणि ते एकमेकांवर विसावताना मध्ये इतकी हवा धरून ठेवतात की अशा ताज्या बर्फाचा घनमीटर पुष्कळदा १०० किलोंपेक्षाही कमी भरतो. वारा सुटला की हेच स्फटिक मोडतात व थर घट्ट होतो. म्हणूनच उघडे उतार वाऱ्याने खराब झाल्यावरही जंगलात पावडर शिल्लक असते. शिवाय आभाळ भरलेले असताना उघड्यावर चढउतार डोळ्यांना कळत नाहीत, तर झाडांच्या बुंध्यांमुळे जमिनीचा अंदाज येत राहतो.

सरावाविषयी थोडे सविस्तर लिहितो. दाबून सपाट केलेल्या स्कीइंगच्या उतारावर वेग वाढला की स्की आडव्या फिरवून, कडा घासत थांबता येते. खोल पावडरमध्ये स्की एकदम आडव्या केल्या तर बर्फ त्यांना बाजूने धरतो आणि शरीर पुढे फेकले जाते. येथे वेग कमी होतो तो वळण पूर्ण केल्याने, म्हणजे स्कीची टोके उताराच्या दिशेकडून हळूहळू आडवी येईपर्यंत वळण सोडून न दिल्याने. झाडांमध्ये नेमका हाच शेवटचा तृतीयांश भाग गाळण्याचा मोह होतो, कारण पुढची फट समोर दिसत असते. मी तो भाग मुद्दाम लांबवत गेलो. दोन्ही पायांवर भार जवळजवळ सारखा ठेवायचा, घोटे व गुडघे वाकवत बर्फात दबायचे, खालचा बर्फ दाबला जाऊन आधार देऊ लागला की तो पायांना जाणवतो, आणि त्या उसळीत शरीर हलके झाले असतानाच पोल, म्हणजे हातातली काठी, टेकवून पुढचे वळण सुरू करायचे. हे जमले तेव्हा स्कीची टोके पृष्ठभागावर क्षणभर दिसत, पुन्हा बुडत आणि गुडघ्यांवर उडालेला बर्फ दोन्ही बाजूंना फाकत असे. एका पायावर भार अधिक पडला की ती स्की लगेच खोल जाई, हेही प्रत्येक वेळी स्पष्ट कळत होते.

नजर हा दुसरा भाग. बुंध्याकडे पाहिले की शरीर तिकडेच ओढले जाते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. माझ्या बाबतीत प्रगती झाली ती एका फटीऐवजी तिच्या पलीकडची आणि त्याही पलीकडची फट आधीच ठरवण्यात. दोन वळणे पुढे पाहिल्यावर पाय घाई करत नाहीत.

माझ्या स्कीची कमरेची, म्हणजे मधल्या भागाची, रुंदी १०८ मिलिमीटर असून टोके वर उचललेली आहेत. स्कीपटू शेन मॅककॉन्की यांच्या कल्पनेतून घडलेली, मधोमध खाली झुकलेली व्होलांट स्पॅचुला ही स्की २००२ साली आली तेव्हा अनेकांना ती विचित्र वाटली होती. आज पावडरसाठीच्या बहुतेक स्कींमध्ये त्या आकाराचा अंश सापडतो. तरीही माझे मत असे की रुंद स्की तरंगायला मदत करते, वळण पूर्ण करण्याचा आळस मात्र सहज खपवून घेते.

आम्ही जोड्या करून उतरत होतो आणि हा नियम कोणीही मोडला नाही. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या बुंध्याभोवती पडणारा बर्फ अडवतात, त्यामुळे तेथे वरून न दिसणारा पोकळ, भुसभुशीत खड्डा तयार होतो. त्यात माणूस सहसा डोके खाली होऊन पडतो आणि स्की वर अडकतात. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना अशा खड्ड्यात ठेवून केलेल्या दोन प्रयोगांत सुमारे ९० टक्के जणांना स्वतःहून बाहेर येता आले नाही. म्हणून पोलचे पट्टे मनगटातून काढलेले, शिट्टी जॅकेटच्या बाहेर अडकवलेली आणि जोडीदार सतत नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात, अशीच आमची रचना होती. वळणाची लय जमलेली असताना आठ-दहा वळणांनी थांबणे जिवावर येते, पण वेग आटोक्यात असल्यामुळे जोडीदाराला दिसेल अशा जागी नेमके थांबता येऊ लागले, आणि मला ही सकाळची खरी कमाई वाटते.

जंगल म्हणजे हिमस्खलनापासून संरक्षण, ही समजूत धोक्याची आहे. ज्या झाडांमधून आरामात स्कीइंग करता येते त्यांच्यामधून बर्फाचा थरही सुटू शकतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यामुळे आम्ही उताराचा कोन कलमापकाने मोजून ३० अंशांच्या खालचेच, आणि वर तीव्र उतार नसलेले पट्टे निवडले. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधता यावे म्हणून अंगावर बाळगायच्या, ४५७ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या बीकन या रेडिओ यंत्राची परस्पर तपासणी, प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे यांत सवलत नव्हती.

दुपार जवळ येताच उन्हाने फांद्यांवरचा बर्फ गठ्ठ्यांनी कोसळू लागला, खालचा पृष्ठभाग खडबडीत झाला आणि वरचा थर ओलसर होऊन जड झाला. उत्तरेकडील उतारावर आणखी एक फेरी झाली आणि आम्ही थांबलो. डावीकडच्या वळणात माझा आतला हात अजून मागे राहतो, त्यामुळे पोल उशिरा टेकतो. पुढच्या हिमवृष्टीनंतर विरळ झाडांत, मंद उतारावर फक्त त्यावरच काम करणार आहे.