वजन सोळा किलो

एप्रिलमधली दुपार कलली होती. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात या दिवसांत घरोघरी आमचूरचं काम चालतं. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी वाळत घालायच्या. सात वर्षांचा एक मुलगा आंब्यावरून पडला. पाड्यावरच्या माणसांनी त्याला बांबूच्या झोळीतून दोन तास चालत आमच्या आरोग्य केंद्रात आणलं.

शुद्धीवर होता, पण रडत नव्हता. जखमी मूल रडत असलं की मला धीर येतो. गप्प पडून राहिलं की पोटात गोळा येतो. उजवी मांडी सुजून टम्म, वाकडी. नाडी 150. छातीवर बोट दाबून उचललं, तर पांढरा ठसा जायला चार सेकंद लागले. रक्तदाब मात्र ठीक होता. त्यावर विसंबायचं नसतं. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो.

सलाईन, औषध, सगळं वजनावर ठरतं. मांडी मोडलेल्या मुलाला काट्यावर उभं कसं करणार? वयात चार मिळवून दुप्पट, या हिशेबाने 22 किलो. सिस्टर सिरिंज भरायला लागल्या, तेवढ्यात आशाताई म्हणाल्या, “सर, बावीस नाही. मागच्या महिन्यात शाळेत वजनं घेतली, मीच लिहिली होती. सोळा.” त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली.

सोळा किलो म्हणजे अंगात जेमतेम सव्वा लिटर रक्त, आणि त्यातलं किती मांडीत साचलं असेल! उलट अशा वाळलेल्या मुलाला जास्तीचं पाणीही सोसत नाही. हातावर शीर सापडेना, दोनदा चुकलो. शेवटी घोट्याच्या आतल्या हाडापुढे मिळाली. किलोला 10 मिलीप्रमाणे 160 मिली हळूहळू ढकललं.

मोडलेला पाय बांधायची आमची फळी मोठ्या माणसाच्या मापाची. वडिलांनी झोळीचाच बांबू कोयत्याने उभा चिरला. वेदनाशामक देऊन मी पाय सरळ ओढून धरला. कापूस घालून काखेपासून टाचेपर्यंत बांबू बांधला. ओढताना तो पहिल्यांदा किंचाळला. आईने पदर तोंडाशी धरला. मला मात्र त्या आवाजाने केवढं हायसं वाटलं!

108 आली, मीही सोबत बसलो. चांदसैली घाटात दर दोन-तीन वळणांनी मोबाईलच्या उजेडात त्याच्या पायाची नखं बघत होतो. गुलाबी. घाट उतरलो तेव्हा नाडी 124.

नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, “वजन?”

“सोळा.”

“अंदाजे?”

“नाही, मोजलेलं. आमच्या आशाताईंनी.”