पेटीवर कन्नडात का नाही लिहिलं?

कॅमेऱ्याची पेटी बांधून हेलियमचा फुगा आकाशात सोडला, त्याला तीन वर्षं झाली. फोटो बघायला येणारा माणूस काळंभोर आकाश आणि खालची निळी, किंचित वाकलेली कड बघतो, ‘भारी’ म्हणतो आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता तेच विचारतो, “पण पेटीवर कन्नडात का नाही लिहिलं?” काहीजण उलट पाठ थोपटतात, “नाही लिहिलंस ते बरंच केलंस.” या दुसऱ्यांचा मला जास्त त्रास होतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. बेळगावच्या सीमावादाचं १९५६ पासूनचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही.

बरेच दिवस माझं उत्तर ठरलेलं होतं: वजन. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो, पेटी ९०० ग्रॅमची, ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब. लोकांना पटायचं. ए-फोर कागद जेमतेम ५ ग्रॅमचा असतो हे कुणी काढायचं नाही. आणि कॅमेऱ्यासमोर काडीवर ‘बेळगाव’ लिहिलेली पाटी लावली होती, तिचे काडीसकट ३० ग्रॅम. ते मात्र चालले.

मग म्हणायला लागलो, विसरलो. पण साधी जीपीएस चिप १८ किलोमीटरच्या वर गप्प बसते (क्षेपणास्त्रात कुणी घालू नये म्हणून), तिचा मोड बदलायला मी विसरलो नव्हतो. सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ७० अंशांच्या आसपास थंडी असते म्हणून लिथियमचे सेल घ्यायला विसरलो नव्हतो. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून वाहतात, पेटी गोव्यावरून थेट समुद्रात जायची, म्हणून जानेवारीपर्यंत थांबलो. परवानग्यांचे हेलपाटे तर विचारूच नका. सोडण्याआधी तीन दिवस पेटी कुठे उतरेल ते संगणकावर काढत होतो. रोज ठिपका बैलहोंगलच्या पलीकडे, कन्नड मुलखात. म्हणजे ती कुणाच्या हाती लागणार हे मला कळत होतं. तरी चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत.

खानापूरकडच्या एका माळावरून सकाळी फुगा सोडला, ३० किलोमीटरवर फुटला, पॅराशूट उघडलं. जमिनीजवळ आल्यावर सिग्नल गेला. आम्ही पोचेपर्यंत रानात पेटी नव्हती, शाळूच्या ताटांत अडकलेली दोरी तेवढी होती. शेजारच्या शेतातल्या बाई म्हणाल्या, पोलीस घेऊन गेले.

ठाण्याच्या मागे बादलीभर पाण्यात पेटी बुडवून ठेवली होती. थर्माकोल तरंगतो म्हणून वर धोंडा. फौजदारांनी कागद बघितले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कन्नड बरतैतेन?” “बरतैति री,” म्हटलं. “मत्त याक बरदिल्ल?” येतं तर मग लिहिलं का नाहीस? हा प्रश्न विचारणारे ते पहिले. रागावले नव्हते, खरंच विचारत होते. वजनाचं उत्तर मी तिथेच पहिल्यांदा दिलं.

कॅमेरा गेला. कार्ड वाळवल्यावर उघडलं. तुम्ही बघता ते फोटो त्यातलेच. पण पॉवर बँक संपेपर्यंत कॅमेरा जमिनीवरही चालू होता, तो भाग मी कुणाला दाखवत नाही. अर्ध्या चौकटीत काळी माती, अर्ध्यात ताटं. मग मुंडासं बांधलेला एक अज्जा वाकून बघतो, मागून एक पोरगा. “एन बरदार नोड,” काय लिहिलंय बघ. पोरगा म्हणतो, “हिंदी ऐति अज्जा.” मग तो इंग्रजीकडे वळतो. मी ठळक अक्षरांत ‘नो डेंजर’ लिहिलं होतं. त्यातला दुसरा शब्द त्याच्या ओळखीचा, विजेच्या डीपीवर असतो. “डेंजर!” अज्जा त्याला दंडाला धरून मागे ओढतो.

पोराला पिटाळून अज्जा परत येतो आणि बांधावर बसतो. पेटीपासून दहा-बारा पावलांवर, पाठ करून. माणसं जमली की ओरडतो, “हिंदक्क सरीरि!” मागे सरा. पंचवीस मिनिटं म्हातारा एकटा बसून आहे, त्याच्या समजुतीप्रमाणे बॉम्बच्या शेजारी.

मुद्दाम लिहिलं नाही असं कुणी म्हटलं की मी आजही भांडतो. पण चिठ्ठी लिहिताना कन्नड सुचलं होतं. पेन थांबलं होतं. आठवडाभर आधीच दुकानाच्या पाटीबद्दल नोटीस आली होती, अक्षरं कुठली वर, कुठली मोठी. ती डोक्यात होती का? असेल. तेव्हाच्या मला मी म्हणतो, अरे, नोटीस त्या अज्जानं धाडली होती का? तेव्हाचा मी म्हणतो, पाटीवर नाही तर माझ्या पेटीवर तरी माझं चालू दे. याला काय सांगायचं मला अजून सुचलेलं नाही.

पुढची पेटी तयार आहे. चिठ्ठी तीन भाषांत केलीय, पण कुठली वर घ्यायची यावर घोडं अडलंय. ‘डेंजर’ तेवढं काढलं.