टपाच्या हस्तिदंती रंगात गुलाबी झाक

पन्नाशीच्या दशकातली चार दरवाज्यांची सेदान नव्याने उभी करायचं काम. इंजिन, ब्रेक, वायरिंग झालेलं. बाजूच्या पत्र्यांवर लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून, घासून सरफेसरचे, म्हणजे रंगाआधीच्या घासायच्या अस्तराचे, हात मारलेले. टप मात्र गंजापासून वाचला होता, म्हणून त्यावरचा जुना रंग अजून तसाच होता. मालकांनी रंगांची जोडी आधीच पक्की केली होती: खाली काळा, वर हस्तिदंती. शेडकार्डावर ही जोडी रुबाबदार दिसते, त्यामुळे रंग ठरवायला असा किती वेळ लागणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

जुना रंग ठेवायचा असेल तर त्याखाली काय दडलंय ते आधी पाहावं लागतं. पन्हळीजवळ नाण्याएवढ्या जागी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पत्र्यापर्यंत उतरलो आणि कडा ८०० व १५०० ने पसरट केल्या. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडी पडली. वर फिकट क्रीम, त्याखाली गडद लाल, मग राखाडी हिरवा आणि तळाला प्रायमर. पांढऱ्या सुती कापडावर लॅकर थिनर घेऊन लाल थरावर दाबून धरलं, तर कापड लालभडक झालं. म्हणजे हा थर जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा होता.

हे लॅकर रासायनिक क्रियेने पक्कं होत नाही, त्यातलं थिनर उडून गेलं की नुसतं सुकतं. ड्यूको हे याच जातीचं लॅकर १९२३-२४च्या सुमारास मोटारींवर आलं आणि रंग सुकण्याचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला, तो याच गुणामुळे. पण याच गुणामुळे ते तीस-चाळीस वर्षांनीही थिनरने विरघळतं. त्यात जुन्या लाल आणि मरून रंगांमधली काही सेंद्रिय रंगद्रव्यं स्वतःच थिनरमध्ये विरघळतात. वरून फिकट रंग मारला की त्यातलं थिनर खाली झिरपतं, लाल द्रव्य घेऊन वर येतं आणि पांढरा गुलाबी होतो. आणखी हात मारून तो झाकला जात नाही. प्रत्येक हात नवं थिनर घेऊन येतो आणि लाल पुन्हा वर चढतो.

याची चाचणी सोपी आहे, तरी बरेच जण ती टाळतात. टपावर तळहाताएवढी जागा लाल थर लागेपर्यंत घासली, पुसली आणि तिच्यावर पांढऱ्या बेसकोटचे (रंगाचा मुख्य थर) दोन ओले हात मारले. सुकता सुकताच मधोमध गुलाबी ढग उमटला. टपावरच्या क्रीम रंगाची पीच झाक सगळ्यांनी वयाचा पिवळेपणा समजून सोडून दिली होती. तीही याच लाल थराची करणी होती.

मालकांनी विचारलं, ‘मग हस्तिदंती रद्द करायचा का?’ रंग बदलण्याची गरज नव्हती, टपावरचा सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायची होती. वरून इपॉक्सी प्रायमर (थिनरने न विरघळणारं अस्तर) मारला तर झिरपणं बरंचसं अडतं. पण विरघळणाऱ्या तीन थरांवर नवा रंग उभा करणं मला पटत नाही. जाडी वाढते, पुढे उन्हात थर आकसले की भेगा पडतात. टपाला पेंट रिमूव्हर लावला, पन्हळीतला आणि सांध्यांतला वेगळा खरवडला. तिथे रिमूव्हर अडकून राहिला तर नवा रंग कडेने फुगतो, म्हणून त्या जागा दोनदा धुतल्या. मग उघड्या पत्र्यावर इपॉक्सी आणि त्यावर सरफेसर.

खरा वाद झाला काळ्यावरून. सरफेसर मॅट असतो आणि मॅट पृष्ठभाग सगळं लपवतो. चमक आल्यावर पत्रा कसा दिसेल हे रंग मारण्याआधी पाहायचं असेल तर वॅक्स-ग्रीस रिमूव्हर (मेण-तेल पुसायचा द्रव) पत्र्यावर सढळ हाताने पसरावा. तो ओला आहे तोवर, म्हणजे अर्धा-एक मिनिट, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरप्या नजरेने पाहावं. मागच्या दरवाज्यावर ट्यूबची सरळ रेघ हलकीशी नागमोडी झाली. त्या पत्र्याला मोठी डागडुजी झाली होती. हाताला काही लागत नव्हतं, डोळ्याला लागत होतं. काळ्यावर ही लाट दुरूनही दिसली असती. मध्यम उजळ, फिक्या रंगावर ती जवळजवळ हरवते, कारण तिथे प्रतिबिंबापेक्षा रंगाचा स्वतःचा उजेड जास्त असतो. पर्याय दोनच: लांब ब्लॉकने आणि गाइड कोटने (उंचसखल दाखवणारा पातळ रंगाचा हात) बाजू पुन्हा घासायच्या, नाहीतर काळा सोडायचा. घासत बसलो तर लांबीचा थर कुठे पातळ होऊन पत्रा उघडा पडेल याचा भरवसा नव्हता. मी काळा सोडायच्या बाजूने बोललो.

तिसऱ्या थरातला राखाडी हिरवा तेव्हा काळ्याच्या जागी कामी आला. त्याचा नमुना टपावरून घेतला नाही. दरवाज्याच्या पॅडमागे ऊन न लागलेला तोच रंग होता. कंपाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने) तो थोडा उजळून घेतला, कारण ऑक्सिडेशनची पांढुरकी साय तशीच ठेवून यंत्राने रंग मोजला तर मिश्रण फिकं निघतं. त्या मोजमापावरून केलेलं मिश्रण शेडकार्डाएवढ्या तुकड्यावर न पाहता एका टाकाऊ मडगार्डवर मारलं. गाडीवर असलेलाच सरफेसर, तीच गन, तोच १.३ मिमीचा नोझल, वर क्लिअर, म्हणजे चमकदार पारदर्शक थर. मोठ्या वळणदार पत्र्यावर रंग छोट्या तुकड्यापेक्षा उजळ आणि भडक भासतो. तसं झालंच, म्हणून काळा टिंट किंचित वाढवला.

हस्तिदंतीचे दोन नमुने ट्यूबलाइटखाली अगदी सारखे दिसत होते. बाहेर उन्हात नेले तर एक हिरवट निघाला. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी तीच छटा साधली की असं होतं. म्हणून नमुना ऊन, सावली आणि पिवळा बल्ब, तिन्हींत पाहायचा आणि सीटच्या मरून कापडाशेजारी धरून पाहायचा. हिरवट नमुना मरूनच्या शेजारी आजारी दिसत होता.

दोन रंगांची सीमा कुठे आणायची हे स्टीलच्या पट्ट्या क्लिपांसह गाडीवर लावूनच ठरवलं. ती पट्टीच्या मध्यभागी, पण क्लिपांच्या भोकांपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, म्हणजे पट्टी जराशी सरकली तरी खालचा रंग डोकावत नाही. मागच्या खांबावर पट्टी संपते, तिथे सीमेसाठी पत्र्याची घडी धरली.

आधी हस्तिदंती मारला, कारण हिरवा त्याला सहज झाकतो, उलट करायचं तर जास्त हात लागतात. बेस पूर्ण मॅट होऊन वाळल्यावर सीमा रेखीव यावी म्हणून ६ मिमीची फाइन लाइन टेप लावली. घाईत लावली तर आत अडकलेलं थिनर टेपखाली डाग सोडतं. हिरव्याचे हात पातळ ठेवले, एकूण सुमारे २० मायक्रॉन, नाहीतर सीमेवर बांध तयार होतो. टेप काढताना मागे दुमडून, हळू. मग दोन्ही रंगांवर एकत्रच क्लिअरचे दोन हात, साधारण ५० ते ६० मायक्रॉन. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावूनच काम.

चाकांच्या डिश मालकांनी हस्तिदंतीच मागितल्या. मी हिरव्या सुचवल्या होत्या, कारण ब्रेकची काळी धूळ हस्तिदंतीवर लगेच दिसते. गाडी त्यांची, पुसणारही तेच.