बाटली, बोंडलं आणि वाटी-चमचा

माझं ऑफिस पुन्हा सुरू व्हायची वेळ आली आणि लेकीच्या दुधाच्या बाटलीवरून घरात खल सुरू झाला. खोक्यावर ‘बीपीए-फ्री’ दिसलं की सगळे निश्चिंत. पण बीपीए हे रसायन ज्यात असतं, त्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या दूधबाटल्यांना आपल्याकडे २०१५ च्या मानकानेच मनाई केली. आता मिळतात त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी याच बाटल्या तपासल्या, तर गरम पाणी घालून हलवल्यावर प्लॅस्टिकचे लिटरमागे लाखो सूक्ष्मकण निघाले. ते पोटात जाऊन काय करतात याचा शोध अजून चालू आहे. तरी उकळतं पाणी त्यात ओतायला माझा हात धजेना.

सासूबाईंनी चांदीचं बोंडलं काढून दिलं. दिसायला देखणं, पण चोचीच्या आत ब्रश जात नाही, दूध चिकटून राहतं. फोटोपुरतं ठीक. रात्रीसाठी काचेची बाटली घेतली. जड आहे, म्हणून आजोबांना हात लावू देत नाही.

दिवसा मात्र स्टीलची वाटी आणि चमचा. घासायला सोपं, खळखळ उकळता येतं. आई म्हणाली, “चमचा खालच्या ओठाला टेकव, ओतू नकोस. तीच ओढून घेईल.” घेते की! थोडं लाळेऱ्यावर सांडतं, तो भाग वेगळा.